बीटा टाकला, मग मागे आलो: काकूंच्या फोनची पूर्ण केस

पार्श्वभूमी

इंदूरला लोकमान्य नगरकडे एक काकू राहतात, घरून डबे देतात. भंवरकुआंला कोचिंगसाठी आलेली पोरं, काही नोकरीवाले, एक एकटे राहणारे आजोबा, असे सकाळचे पासष्ट आणि संध्याकाळचे पन्नासेक डबे. ओळख पटू नये म्हणून एकदोन आकडे आणि नाती मी मुद्दाम इकडचे तिकडे केलेत, बाकी घडलं ते तसंच लिहितोय. मी त्यांचा शेजारी, कॉम्प्युटरचं काम करतो, त्यामुळे कॉलनीत कोणाचाही प्रिंटर अडला तरी बेल माझीच वाजते.

काकूंचा सगळा धंदा एका आयफोन १३ वर चालतो. ऑर्डर व्हॉट्सॲपवर, पैसे यूपीआयवर, आणि कोणाला कांदा चालत नाही, कोणाचा गुरुवार असतो, हे सगळं नोट्समध्ये. काका रिटायर्ड, ते स्कूटरवर डबे पोचवतात, फोनला हात लावत नाहीत.

तिसरं पात्र म्हणजे काकूंचा भाचा. इंजिनिअरिंगला आहे, पोरगा हुशार, पण हात शिवशिवतात. २०२५ च्या जूनमध्ये ॲपलने आयओएस २६, म्हणजे आयफोनची नवी सिस्टिम, दाखवलं, ९ तारखेला, ते काचेसारखं नवं रूप वगैरे, आणि याला ते कधी एकदा हातात घेतो असं झालं. पण त्याचा स्वतःचा फोन जुना आयफोन एक्सआर. २६ नंबरच्या व्हर्जनमध्ये एक्सआर आणि एक्सएस हे सगळे बाहेर, आयफोन ११ पासून पुढचेच चालतात. म्हणजे घरात बीटा, म्हणजे पक्कं व्हर्जन यायच्या आधीचं चाचणीचं व्हर्जन, बघायचा तर फोन एकच, मावशीचा.

पूर्वी डेव्हलपर बीटा, म्हणजे ॲप बनवणाऱ्यांसाठीचा, घ्यायला वर्षाचे ९९ डॉलर भरावे लागायचे, त्यामुळे आपोआप गाळणी लागायची. २०२३ पासून ते फुकट झालं, ॲपल आयडीने नोंदणी केली की सॉफ्टवेअर अपडेटच्या पानावर बीटाचा पर्याय दिसतो, दोनदा बोट लावलं की झालं. भाच्याने तिथे आयडीसुद्धा स्वतःचाच टाकला होता, तसं करता येतं, त्यामुळे काकूंना काही कळायचं कारणच नव्हतं. शनिवार २८ जून, दुपारची झोप, फोन चार्जिंगला. दुसरा बीटा आलेला होता, तो चढवला.

'मावशी, फोन एकदम नवा करून दिला बघ' असं सांगितलं त्याने, आणि काकूंनी त्याला वर कचोरी खायला घातली.

अडचण कुठे आली

रविवारी काही नाही. सोमवारी काकू म्हणाल्या की अक्षरं नीट दिसत नाहीत, नोटिफिकेशनच्या मागून फोटोच दिसतो. त्यांच्या वॉलपेपरला नातवाचा पिवळ्या स्वेटरमधला फोटो, त्याच्यावर पांढरी अक्षरं, आणि काकूंचा चष्मा तीन वर्षं जुना. सुरुवातीच्या बीटांमध्ये वाचायला त्रास होतो अशी ओरड तेव्हा जगभर होती, आणि पुढच्या बीटांमध्ये ते बदलत गेलंही.

खरा घोळ मंगळवारी, १ जुलैला. महिन्याची एक ते पाच तारीख म्हणजे डब्याचे पैसे येण्याचे दिवस, त्यात जुलैत नवीन पोरं येतात, तर सगळ्यात धावपळीचा आठवडा. त्या सकाळी बँकेचं ॲप उघडेना. उघडायचं, लोगो यायचा आणि बंद. यूपीआयही त्याच ॲपमधून चालायचं, म्हणजे तेही गेलं. बँकेचं नाव घेत नाही आणि त्यांना दोषही देत नाही, तीन आठवड्यांपूर्वी आलेल्या अर्धवट सिस्टिमवर त्यांचं ॲप चाललंच पाहिजे असा काही करार नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे कारण काकू इतक्या घाबरल्या होत्या की पोरांना 'पैसे पाठवू नका रे' असे मेसेज टाकायला निघाल्या होत्या. ॲप बंद पडलं म्हणून पैसे यायचे थांबत नाहीत. दारावर क्यूआरचा कागद चिकटवलाय तो खात्याशी जोडलेला आहे, पोरं स्कॅन करणार, पैसे बँकेत पडणार, काकूंचा फोन बंद असला तरी. अडलं होतं ते एवढंच की कोणाचे आले कोणाचे नाही हे बघता येत नव्हतं, आणि भाजीवाल्याला, दूधवाल्याला द्यायचे झाले तर देता येत नव्हते. ते बँकेचे जमा झाल्याचे एसएमएस येतच होते, पण त्यात नाव धड नसतं. काकूंनी वही काढली.

बुधवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात काकू, मागे मान खाली घालून भाचा. 'हा म्हणतो जुनं परत टाकतो, दहा मिनिटांचं काम आहे. तू आधी बघ बाबा, मग करू दे त्याला.'

त्या एका वाक्यासाठी मी काकूंना आजही मानतो.

काय हाताशी होतं आणि काय नव्हतं

भाच्याचा समज असा की सेटिंगमधून बीटा बंद केला की जुनं व्हर्जन येतं. हा समज फार कॉमन आहे. तिथे 'बंद' केल्याने फक्त पुढचे बीटा यायचे थांबतात, जे चढलंय ते तिथेच राहतं, आणि सप्टेंबरात पक्कं व्हर्जन आलं की त्यावर जाता येतं. मागे यायचं तर फोन केबलने कॉम्प्युटरला लावून पूर्ण पुसावा लागतो. आणि बीटावर घेतलेला बॅकअप जुन्या व्हर्जनवर चढत नाही, तो फोन सरळ नाही म्हणतो. म्हणजे लागतो तो बीटाच्या आधीचा बॅकअप.

'आहे ना दादा, मी मे महिन्यात घेतला होता माझ्या लॅपटॉपवर,' भाचा म्हणाला. चेहरा एकदम खुलला त्याचा.

लॅपटॉप उघडला. आयट्यून्समध्ये, म्हणजे विंडोजवर आयफोन जोडायच्या ॲपलच्या प्रोग्रॅममध्ये, बॅकअप एकच, तारीख २९ जून. रविवारी याने मावशीला फोटो मोठ्या स्क्रीनवर दाखवायला फोन लॅपटॉपला लावला होता, आणि आयट्यून्सने आपलं काम चोख केलं, फोन दिसला, बॅकअप घेतला. कॉम्प्युटरवर एका फोनचा एकच बॅकअप राहतो, नवा घेतला की तो जुन्याची जागा घेतो, जोवर तुम्ही जुना वेगळा काढून ठेवत नाही तोवर. मॅकवर त्यासाठी आर्काइव्हचा पर्याय आहे, विंडोजवर निदान ते फोल्डर उचलून दुसरीकडे कॉपी करून ठेवायचं. केलं नव्हतं. मे महिन्याचा गेला, त्याच्या जागी बीटाचा बसला, जो आता कामाचा नाही.

आयक्लाऊड, म्हणजे ॲपलची ऑनलाइन जागा? फुकटचे ५ जीबी केव्हाच भरलेले. 'स्टोरेज फुल' असा मेसेज रोज यायचा आणि काकू रोज तो बंद करायच्या, मला वाटतं देशातले निम्मे आयफोनवाले तेच करतात. व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्याच आयक्लाऊडमध्ये जातो, तो फेब्रुवारीत अडकलेला. कॉन्टॅक्ट आणि नोट्स मात्र सिंक होत होत्या, त्या वेब ब्राउझरमधून उघडून बघितल्या, 'शर्मा, कांदा नाही, शनिवारी डबा नको' सगळं जागेवर. तेवढा एक श्वास सुटला.

कोणते पर्याय होते

पहिला, काहीच करायचं नाही, सप्टेंबरपर्यंत थांबायचं. ॲक्सेसिबिलिटीमध्ये पारदर्शकपणा कमी करायचं बटण आहे ते मी तिथल्या तिथे लावलं आणि वाचायचा प्रश्न बराचसा मिटला, काकू म्हणाल्या 'अरे हे आधी का नाही केलं'. पण बँकेचं ॲप कधी चालू होणार हे कोणाच्या हातात नाही, आणि अडीच महिने वहीवर काढणं शक्य नव्हतं.

दुसरा, सिम काढून काकांच्या कपाटातल्या जुन्या अँड्रॉइडमध्ये टाकायचं आणि बँक तिथे चालवायची. यूपीआय सिमवरून एसएमएस पाठवून फोन ओळखतं, तर हे होतं. आयफोन घरच्या वायफायवर व्हॉट्सॲपपुरता ठेवायचा. एकच पथ्य, अँड्रॉइडवर व्हॉट्सॲप सुरू करायचं नाही, नाहीतर आयफोनवरून ते बाहेर पडतं. हा काही इलाज नव्हे, पण श्वास घ्यायला वेळ मिळतो.

तिसरा भाच्याने शोधून आणलेला. बॅकअपच्या फोल्डरमध्ये इन्फो डॉट पीलिस्ट म्हणून एक फाइल असते, त्यात व्हर्जनचा नंबर लिहिलेला असतो, तो २६ चा १८ करायचा आणि फोनला फसवायचं. लोक करतात हे, १८.४ ला १८.५ चा बॅकअप चढवायचा वगैरे असेल तर कधी कधी जमतंही. पण इथे आख्खं व्हर्जन बदललंय, आतले मेसेजचे, फोटोचे डेटाबेस नव्या पद्धतीचे झालेले, वरची पाटी बदलून आतलं सामान बदलत नाही. चढला तर अर्धवट चढेल आणि काय मोडलं ते महिन्याने कळेल. मी नाही म्हणलं. भाचा नाराज झाला, त्याला ते करून बघायचं होतं, आणि खरं सांगतो, मलाही बघायचं होतं, पण दुसऱ्याच्या रोजीरोटीच्या फोनवर नाही.

चौथा, फोन कोरा करून १८.५ टाकायचं, जे तेव्हा चालू पक्कं व्हर्जन होतं, आणि एकेक वस्तू बाहेरून परत आणायची. जेल रोडवरच्या एका दुकानदाराने हेच दीड हजारात करून देतो म्हणून सांगितलं होतं, 'डेटा जाएगा आंटी' हेही प्रामाणिकपणे सांगितलं होतं.

ठरलं ते असं की बुधवारीच सिम अँड्रॉइडमध्ये, आणि चौथा पर्याय रविवारी संध्याकाळी, कारण रविवार संध्याकाळ डबे बंद. हा निर्णय ऐकायला साधा आहे पण सगळ्यात जास्त वाद यावरच झाला. भाच्याला आत्ताच करायचं होतं, अपराधी वाटत होतं त्याला, आणि अपराधी माणूस घाई करतो. काकांचं म्हणणं की दुकानात देऊन मोकळे व्हा. मी चार दिवस मागितले ते पुसण्यासाठी नाही, पुसायच्या आधीच्या कामासाठी.

पुसायच्या आधीचं काम

आधी आयक्लाऊडची ५० जीबीची जागा घेतली, महिन्याला ७५ रुपये. काकूंनी विचारलं, 'म्हणजे एका डब्याचे पैसे?' हो, जवळजवळ. मग व्हॉट्सॲपचा बॅकअप वायफायवर लावला. मुद्दा असा की व्हॉट्सॲपचा बॅकअप व्हॉट्सॲपचा असतो, फोनच्या व्हर्जनशी त्याचं देणंघेणं नाही, नंबर तोच आणि ॲपल आयडी तोच असला की झालं. ११ जीबी होता, गुड मॉर्निंगच्या व्हिडिओंसकट, दोन रात्री लागल्या.

फोटो केबलने लॅपटॉपवर. शंभरेक फोटो झाले की विंडोज 'डिव्हाइस काम करत नाही' म्हणून अडायचं. हे ज्याला माहीत नाही तो केबल बदलत बसतो, आम्हीही एक बदलली. कारण वेगळंच असतं, फोन प्रत्येक फोटो देताना जेपेगमध्ये बदलून देत असतो आणि त्यात दमतो. फोटोच्या सेटिंगमध्ये 'मूळ फाइल तशीच द्या' असा पर्याय आहे तो लावला, मग सहा हजार फोटो एका दमात गेले.

आणि ॲपल आयडीचा पासवर्ड. फोन कोरा झाला की तो विचारतो हा कोणाचा, आणि पासवर्ड आला नाही तर फोन म्हणजे नुसता पेपरवेट. काकूंना आठवत नव्हता. भाचा म्हणाला, नंतर बघू. नाही, हे नंतर बघायचं नसतं. पाऊण तास शोधून तो किराण्याच्या डायरीच्या शेवटच्या पानावर सापडला, 'पाच किलो चणाडाळ'च्या खाली, पेन्सिलने. ब्राउझरमध्ये टाकून बघितला, चालला. कोड एसएमएसने आला तो अँड्रॉइडवर, कारण सिम तिथे. हेही आधी कळलं ते बरं.

शेवटी मी काकूंना बसवून फोनमधल्या एकेका ॲपवर बोट ठेवून विचारलं, यात काय आहे. बरंच निघालं. एक राहिलं, ते पुढे येईल.

रविवारची संध्याकाळ

६ जुलै, आषाढी एकादशी. सकाळी सगळ्या डब्यांत साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याच्या सळ्या आणि लिंबाची फोड, त्यामुळे संध्याकाळी काकू दमलेल्या पण मोकळ्या. पाऊस चालू. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, फोन, केबल, आणि मधे उरलेल्या खिचडीचं पातेलं.

रिकव्हरी मोड, म्हणजे कॉम्प्युटरवरून सिस्टिम नव्याने टाकता येईल अशी फोनची अवस्था. आवाज वाढवायचं बटण दाबून सोडा, कमी करायचं दाबून सोडा, मग बाजूचं बटण धरून ठेवा, ॲपलचा लोगो आला तरी सोडू नका, केबल आणि कॉम्प्युटरचं चित्र येईपर्यंत. भाच्याने पहिल्यांदा लोगो बघून सोडलं, फोन नेहमीसारखा चालू झाला. दुसऱ्यांदा जमलं. आयट्यून्सने विचारलं, अपडेट की रिस्टोर. रिस्टोर. मग ते १८.५ डाउनलोड करायला लागलं, काही जीबींची फाइल, आणि पावसात नेट रांगतंय.

पंधरा मिनिटं झाली आणि फोन आपला आपण रिकव्हरीतून बाहेर आला. काचेची स्क्रीन, नातवाचा पिवळा स्वेटर. काका म्हणाले, 'झालं?' काही झालं नव्हतं. डाउनलोडला पंधरा मिनिटांपेक्षा जास्त लागले तर फोन बाहेर पडतो, असंच ठेवलंय ते, डाउनलोड पूर्ण होऊ द्यायचं आणि बटणांचा खेळ पुन्हा करायचा. पण त्या नेटवर माझा भरवसा नव्हता, म्हणून फाइल वेगळी उतरवायची ठरवली, माझ्या घरच्या नेटवर.

इथे एक गंमत. भाच्याने पटकन फाइल उतरवून आणली, शिफ्ट दाबून रिस्टोर केलं, फाइल दाखवली, आणि आयट्यून्स म्हणालं ही फाइल या फोनची नाही. बघतो तर आयफोन १४ ची. चूक त्याची म्हणावी तर तशी नाही, कारण आयफोन १३ चं आतलं नाव 'आयफोन १४,५' असं आहे, त्याने कुठेतरी ते वाचलं आणि १४ वर क्लिक केलं. पुन्हा उतरवली. या सगळ्यात साडेनऊ वाजले, काकूंनी तोवर दुसऱ्या दिवशीची भेंडी चिरून ठेवली.

नंतरचा भाग सरळ. फाइल बरोबर असली तरी फोन ॲपलच्या सर्व्हरला विचारतो की हे व्हर्जन टाकू का, आणि सर्व्हर फक्त चालू व्हर्जनला हो म्हणतो, नवीन आलं की थोड्या दिवसांत जुन्याला परवानगी बंद. म्हणून 'मला १७ आवडायचं, तेच टाक' असं कोणी म्हणलं तर ते होत नाही. आम्हाला १८.५ च हवं होतं, ते मिळालं. पट्टी भरत गेली, फोन कोरा, 'हॅलो' आलं. पासवर्ड टाकला. सिम परत आत. व्हॉट्सॲपने नंबर तपासला आणि विचारलं, बॅकअप सापडलाय, परत आणू का. रात्री एक वाजता शेवटचं गुड मॉर्निंग परत आलं.

काय मिळालं, काय गेलं

सोमवारी सकाळी बँकेचं ॲप चाललं. यूपीआय पुन्हा नोंदवलं, पिन तोच राहिला कारण तो बँकेकडे असतो, फोनमध्ये नाही. नव्या नोंदणीनंतर सुरुवातीला पैसे पाठवायची मर्यादा कमी असते, ते आधी सांगून ठेवलं होतं म्हणून चोइथराम मंडीत जाताना काकूंनी रोख नेली. जमा झालेले पैसे वहीशी लावून बघितले तर दोन पोरांचेच बाकी निघाले.

आणि त्याच रात्री तिसरा बीटा आला. भाच्याचा मला मेसेज, 'दादा, थांबलो असतो तर?' बँकेचं ॲप त्यावर चाललं असतं का ते कोणी बघितलं नाही, मी बघू दिलं नाही.

आता राहिलेली गोष्ट. बुधवारी काकू आल्या, या वेळी एकट्या. 'अरे, आईंचं ते रेकॉर्डिंग कुठंय?' त्यांच्या सासूबाई, दोन वर्षांपूर्वी गेल्या. गोडा मसाला कुटताना कशाचं किती, दगडफूल कधी, तीळ किती लाल, हे सगळं त्या सांगत असताना काकूंनी व्हॉइस मेमोमध्ये रेकॉर्ड केलं होतं. बावीस मिनिटं. ते ॲप मी विचारलं तेव्हा एका फोल्डरच्या आत होतं, बोट तिथे गेलंच नाही. आयक्लाऊड भरलेलं असल्यामुळे तिथेही ते नव्हतं. मसाल्याचं प्रमाण काकूंना पाठ आहे, प्रश्न प्रमाणाचा नव्हताच.

मला आठवला तो २९ जूनचा बॅकअप, बीटाचा, कुचकामी म्हणून ज्याच्यावर आम्ही हसलो होतो. रविवारी रात्री भाच्याने विचारलं होतं, 'दादा, हा उडवू? चाळीस जीबी खातोय', आणि मी झोपेत 'राहू दे' म्हणलं होतं. शहाणपण नव्हतं ते, कंटाळा होता.

तो बॅकअप फोनवर चढणार नाही, पण उघडता तर येतो. आत दोनशे छप्पन फोल्डर असतात, ००, ०१ असे, आणि प्रत्येकात विचित्र लांबलचक नावांच्या फाइली, एक्स्टेन्शन नाही काही नाही. कोणती फाइल कशाची हे मॅनिफेस्ट नावाच्या एका छोट्या डेटाबेसमध्ये लिहिलेलं असतं. भाच्याने तो उघडला, व्हॉइस मेमो शोधलं, सोळा ओळी आल्या. त्या सोळा फाइली बाहेर काढून नावं बदलली. बॅकअपला पासवर्ड लावलेला नव्हता म्हणून हे इतकं सहज झालं. एरवी मी सगळ्यांना सांगतो की पासवर्ड लावून घ्या, नाहीतर सेव्ह केलेले पासवर्ड आणि हेल्थचा डेटा त्यात येतच नाही. इथे न लावल्याचा फायदा झाला, काय बोलणार.

अकरावी फाइल लावली. आधी खलबत्त्याचा आवाज, मग 'अगं हात आखडता नको घेऊस धने घालताना.' काकू उभ्याच राहिल्या, बावीस मिनिटं, गॅसवर दूध होतं ते उतू गेलं.

कुठे वेगळं करता आलं असतं

कामाच्या फोनवर बीटा टाकायलाच नको होता हे भाचासुद्धा आता पाठ म्हणून दाखवतो, त्यावर काय लिहायचं. माझ्या मते खरी चुकायची जागा २८ जून नव्हती, २९ होती. फोन लॅपटॉपला लावण्याआधी मेचा तो फोल्डर उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवला असता, दोन मिनिटांचं काम, तर सगळं प्रकरण एका संध्याकाळचं होतं. फक्त मेपासून जूनपर्यंतचं गेलं असतं, तेही व्हॉट्सॲप सोडून.

दुसरी चूक माझी. मी ॲप बघत गेलो स्क्रीनवरून. सेटिंगमध्ये स्टोरेजची यादी असते, कोणतं ॲप किती जागा खातं ते सगळं एका खाली एक, फोल्डरमध्ये लपलेलंही, ती घेऊन बसलो असतो तर व्हॉइस मेमो दिसलं असतं. आता तसंच करतो.

फाइल आधी उतरवून ठेवायला हवी होती हेही आहेच, चार दिवस होते आमच्याकडे आणि आम्ही ते काम रविवारच्या पावसावर सोडलं. आणि एक गोष्ट नशिबाने वाचली, काकूंकडे घड्याळ नाही. ॲपल वॉचवर बीटा चढला की तो आपल्याला घरी उतरवता येत नाही, आणि फोन जुन्यावर आणला की नव्या व्हर्जनचं घड्याळ त्याच्याशी जुळत नाही, तेव्हा मागे यायचा विचारच वेगळा करावा लागला असता.

सिम अँड्रॉइडमध्ये टाकून चार दिवस काढले ते मात्र मी पुन्हा तसंच करीन. काकांना आजही वाटतं की दीड हजार देऊन त्याच दिवशी काम झालं असतं. झालं असतं, खरंय. रेकॉर्डिंगही मिळालं असतं कदाचित, लॅपटॉपवर बॅकअप होताच. पण व्हॉट्सॲप फेब्रुवारीचं आलं असतं.

सप्टेंबर

१५ सप्टेंबरला पक्कं २६ आलं. काकूंच्या फोनवर सेटिंगच्या चिन्हावर अपडेटचा लाल '१' दिसायला लागला, त्या फोन घेऊन आल्या. बँकेचं ॲप एव्हाना नव्या व्हर्जनवर चालतंय हे मी माझ्या फोनवर बघून घेतलं होतं, बॅकअप वेगळा काढून झाला होता, या वेळी पासवर्डसकट. म्हणलं, टाका बिनधास्त.

'आत्ता नको,' काकू म्हणाल्या. 'पितृपंधरवडा चालू आहे. नवीन काही दसऱ्यानंतर.'

दसऱ्यानंतर टाकलं. भाचा बघायला आला होता, एक्सआर खिशात घेऊन.